पायऱ्यांचा हिशोब

परड्यातली शेड बांधून आठ महिने झाले. परवा रात्री जेवताना बाबांनी हिशोब मांडला. रॅम्पला रेलिंगसकट खर्च आला ३२ हजार. आत्या त्यावरून परड्यात उतरली चार वेळा. म्हणजे एका फेरीला आठ हजार.

"एवढ्यात ताईला विमानाने फिरवून आणली असती," बाबा म्हणाले.

आत्या हसली. ताटातली भाकरी मोडत म्हणाली, "आणि तू तुझ्या पायऱ्यांवरून किती वेळा उतरलास, ते लिहून ठेवलंयस का रे?"

विषय तिथेच संपला. चेष्टाच होती ती. पण मला त्या रात्री झोप लागेना. कारण रॅम्पच्या शेजारीच तीन पायऱ्या आहेत, त्यांनाही पैसे पडले आहेत, आणि त्यांचा 'दर फेरीचा खर्च' आमच्या घरात कुणी कधी काढला नव्हता. मीही नाही. पायऱ्या असतातच. रॅम्पला मात्र रोज हजेरी लावावी लागते.

थोडं मागून सांगते. आमचं घर कऱ्हाडजवळ. घराच्या मागे परडं आहे, साधारण तीस फूट लांब. बाबा कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांची अवजारं, व्हाइस, ग्राइंडर, नटबोल्टचे डबे असं सगळं घरात आलं आणि आईचा जीव मेटाकुटीला आला. म्हणून ठरलं की मागे दहा बाय बाराची पत्र्याची शेड बांधायची. जोतं दीड फूट, खाली तीन फूट विटांचं बांधकाम, वर लोखंडी अँगल आणि पत्रे. मी इंजिनिअर, म्हणून नकाशा माझ्याकडे. खरं तर मी सॉफ्टवेअरमधली, मला सिमेंटचं प्रमाणही माहीत नव्हतं. पण आमच्या घरात इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर.

आत्या बाबांपेक्षा मोठी. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. पुढे पन्नास वर्षं कॅलिपर आणि कुबडीवर तिने सगळं केलं. पुढच्या खोलीत मशीन टाकून फॉल-पिको, ब्लाउज, शाळेचे गणवेश शिवले. माझ्या पहिल्या लॅपटॉपचे निम्मे पैसे तिचे होते. मग हातापायांतली ताकद पुन्हा कमी व्हायला लागली. पोलिओ होऊन गेलेल्या बऱ्याच जणांना कित्येक वर्षांनी असा त्रास होतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. गेली सहा वर्षं ती व्हीलचेअरवर आहे.

शेडचा विषय निघाला तेव्हा मी तिला विचारलं, "आत्या, तुला यायचंय का गं शेडमध्ये? म्हणजे तसा रॅम्प करू."

ती म्हणाली, "मी काय करू तिथं? लोखंड मोजू? उगाच खर्च करू नका."

मी नकाशात तीन पायऱ्या काढल्या आणि विषय मिटवला. विचारलं होतं, ती नको म्हणाली होती. माझ्याकडून सगळं रीतसर झालं होतं.

आता ऑफिसमधली एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी एका ॲपच्या टीममध्ये होते. पैसे भरायच्या स्क्रीनवरच्या बटनांना आम्ही नावंच दिली नव्हती. म्हणजे डोळ्यांना ती दिसत होती, पण अंध माणूस टॉकबॅक लावून फोन वापरतो तेव्हा फोन त्याला वाचून दाखवणार काय? 'बटन', 'बटन', 'बटन'. कुठलं बटन पैसे कापणार आणि कुठलं ऑर्डर रद्द करणार, कळायला मार्ग नाही. टेस्टिंग करणाऱ्या मुलीने ही चूक नोंदवली. मीटिंगमध्ये प्रश्न आला, हे आधी करायचं की नवीन कूपनचं काम? मी डेटा काढला. टॉकबॅक सुरू असलेल्या फोनवरून पूर्ण झालेल्या ऑर्डरी जवळजवळ शून्य. मी म्हणाले, "हे लोक आपलं ॲप वापरतच नाहीत." सगळ्यांना पटलं. कूपन आधी झालं.

ते वाक्य चुकीचं नव्हतं, आकडे खरे होते. फक्त कारण आणि परिणाम यांची मी अदलाबदल केली होती. ते ॲप वापरत नव्हते म्हणून आम्ही बटनांना नावं दिली नाहीत, आणि नावं नव्हती म्हणून ते ॲप वापरत नव्हते. या वर्तुळातून बाहेर पडायचं तर पहिलं पाऊल कुणी टाकायचं? दार बंद ठेवणाऱ्याने, की बाहेर उभं राहणाऱ्याने?

आत्याच्या 'नको'चंही तेच झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

जिथे जाता येत नाही तिथे जायची इच्छा हळूहळू मरते. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही म्हण आपण त्याला हसायला वापरतो. नॉर्वेजियन विचारवंत यॉन एल्स्टर यांनी १९८३ साली याच गोष्टीचं नाव देऊन एक पुस्तक लिहिलं, 'सावर ग्रेप्स'. त्यांचा प्रश्न असा की, जे मिळणार नाही ते माणूस नकोसं करून घेत असेल, तर 'लोकांना काय हवंय ते विचारा आणि तसं करा' या न्यायाला काय अर्थ उरतो? अमर्त्य सेन यांनीही वेगळ्या वाटेने हेच मांडलं आहे: वर्षानुवर्षं ज्यांच्या वाट्याला कमी आलं, ते कमीतच समाधान मानायला शिकतात. म्हणून त्यांच्या समाधानावरून त्यांच्यावर अन्याय होतोय की नाही हे ठरवता येत नाही.

पण हा विचार धोक्याचाही आहे. आत्याचं 'नको' खरं नाही, तिच्या मनात खोलवर 'हवं'च आहे, असं मी म्हणायला लागले तर मी कोण? साठी उलटलेल्या, सगळं आयुष्य स्वतःच्या कमाईवर काढलेल्या बाईला तिचं मन मी समजावून सांगणार? तिला खरोखरच बाबांच्या लोखंडात रस नसेल. मला तरी कुठे आहे?

या पेचातून मी सुरुवातीला जो मार्ग काढला तो इंजिनिअरचा होता. आत्याला काही विचारायचंच नाही, नियम बघायचा आणि बांधायचं. व्हीलचेअरच्या रॅम्पचा सगळीकडे मानला जाणारा उतार एकास बारा. एक इंच चढायला बारा इंच लांबी. आमचं जोतं दीड फूट, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. आमचे मिस्त्री हे ऐकून हसलेच. "गाडी चढवायचीय न्हवं? मग सहा फूट बास झालं की."

सहा फूट म्हणजे एकास तीन. हा उतार आपल्या गावांत घरोघरी दिसतो, मोटरसायकल घरात घ्यायला केलेला. इंजिनाला तो जड नाही. पण आत्या आणि खुर्ची मिळून वजन धरा ८५ किलो. एकास तीनवर खुर्ची नुसती जागेवर धरून ठेवायलाच साधारण २७ किलोचा जोर लागतो. एकास सहावर १४. एकास बारावर ७. वर नेण्याचं काम तेवढंच, फक्त लांब अंतरावर वाटलं जातं. २७ किलो म्हणजे पाठीमागे दोन माणसं हवीत. ७ किलो म्हणजे ज्याच्या दंडात ताकद आहे तो एकटा जाऊ शकतो आणि ज्याच्या नाही त्याला एक माणूस पुरतो. रॅम्पच्या लांबीवरून ठरतं ते हे: माणूस स्वतः जाणार, की त्याला नेलं जाणार.

मी नकाशा काढला. अठरा फुटांचा रॅम्प, चार फूट रुंद, दोन्ही बाजूंना रेलिंग, चाक घसरू नये म्हणून काठाला कड. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. फोनवर तो आत्याला दाखवला. तिने मशीनवर धागा ओवताना लावते तो चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं.

"दार बाहेर उघडतंय," ती म्हणाली. "मग मी उतारावर थांबून दार ओढू कशी? खुर्ची मागं जाईल."

बरोबर. दारापुढे सपाट जागा हवी होती.

"आणि इथं उंबरठा काढलायस दोन इंचाचा. एवढा उतार चढून त्याला धडकू?"

हेही बरोबर. लोखंडी चौकटीबरोबर उंबरठा आपोआप आला होता, मी काढलासुद्धा नव्हता.

मग तिने नकाशा बोटाने सरकवला, घराकडे आणला. "आणि बाळा, मी उताराच्या पायथ्याशी पोचणार कशी?"

मला काही सुचेना. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून परड्यात उतरायला तीन पायऱ्या आहेत. मी लहानपणापासून दिवसातून दहा वेळा त्या उतरते. त्या पायऱ्या आहेत हेच माझ्या लक्षात नव्हतं. आत्या सहा वर्षांत परड्यात आलेली नव्हती. कोपऱ्यातला कढीपत्ता तिने लावलेला, आता तो पत्र्याच्या वर गेलाय. खिडकीतून तिला त्याचा फक्त शेंडा दिसायचा. तिने कधी तक्रार केली नाही आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. आम्ही वाईट माणसं नाही. आमच्या घरात तिच्यावर जीव टाकतात. तरीही सहा वर्षं.

१९७६ साली ब्रिटनमध्ये अपंग लोकांच्याच एका संघटनेने एक फरक मांडला होता. पायात ताकद नसणं ही शरीराची गोष्ट. परड्यात न येता येणं ही पायऱ्यांची गोष्ट. पहिली कुणाच्या हातात नसते, दुसरी कुणीतरी बांधलेली असते. मी हे वाचलं होतं, मान डोलावली होती. आमच्या तीन पायऱ्या माझ्या आजोबांनी बांधल्या होत्या, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं.

त्या संध्याकाळी मी आत्याला वेगळा प्रश्न विचारला. 'तुला यायचंय का' असं नाही. विचारलं, "समजा आलीस, तर कशी येशील?"

या दोन प्रश्नांत फरक आहे. पहिल्या प्रश्नात तिच्याकडून कारण मागितलेलं असतं. तिने इच्छा सिद्ध करायची, मग आम्ही खर्च करायचा. बाबांना कुणी विचारलं नव्हतं, 'तुम्हाला शेडमध्ये नक्की जायचंय ना, मग पायऱ्या करू.' दुसऱ्या प्रश्नात तिचं येणं धरूनच चाललेलं असतं. आणि त्याचं उत्तर तिच्याचकडे असतं, कारण खुर्चीत ती बसते, मी नाही.

तिच्या उत्तराने नकाशा बदलला. शेड परड्याच्या टोकाला नको, मागच्या दाराजवळ घ्या. जोतं घराच्या जोत्याइतकंच ठेवा. मध्ये पाच फूट रुंदीचा सपाट ओटा करा. म्हणजे स्वयंपाकघरातून शेडमध्ये जाताना उतारच नाही. त्याच ओट्यावरून एका बाजूला कुंपणाच्या भिंतीकडेने अठरा फुटांचा रॅम्प परड्यात, दुसऱ्या बाजूला तीन पायऱ्या. शेडला सरकतं दार. मागच्या दाराचा उंबरठा काढायला आई कुरकुरेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "लक्ष्मी पुढच्या दारानं येते. मागचा काढा."

पायऱ्या ठेवायच्याच, हाही आत्याचाच आग्रह. मला वाटत होतं, रॅम्पवरून सगळेच जातील, मग पायऱ्या कशाला? ती म्हणाली, कॅलिपर लावून चालायची तेव्हा तिला उतार नको वाटायचा. गुडघा सरळ अडकवलेला, पाऊल उतारावर नीट टेकायचं नाही. बसकी पायरी आणि धरायला कठडा असला की बरं. बाबांचा गुडघाही उतारावरून खाली येताना दुखतो. एकाची सोय दुसऱ्याची अडचण असू शकते. म्हणून पायऱ्या सहा इंच उंच आणि बारा इंच रुंद केल्या, कठड्यासकट. दोनदा उंची अधिक एकदा रुंदी बरोबर साधारण दोन फूट, हा जिन्याचा हिशोब सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ब्लोंडेल नावाच्या वास्तुविशारदाने माणसाच्या पावलाच्या अंतरावरून मांडला. माणसाचं पाऊल मोजून पायरी ठरते, तर चाक मोजून उतार का ठरू नये?

रॅम्पचा कोबा ओला असताना मिस्त्रींनी त्यावर खराट्याने आडव्या रेघा मारल्या, पावसात चाक घसरू नये म्हणून. ही त्यांची स्वतःची कल्पना. सहा फुटांवर हसणारे तेच मिस्त्री.

रॅम्पची बाजू घेताना बहुतेक जण एक युक्तिवाद करतात, मीही केला होता: रॅम्प सगळ्यांनाच उपयोगी पडतो. आमच्या रॅम्पवरून खतांची पोती जातात, शेजारच्या पोराची सायकल जाते, आई बादली घेऊन जाते. सगळं खरं. पण बाबांना हे ऐकवताना माझ्या लक्षात आलं की मी आत्याची बाजू पोत्यांच्या आधाराने मांडतेय. उद्या पोती बंद झाली तर? तिचा रस्ता आमच्या सोयीवर उभा राहिला, तर आमची सोय संपल्यावर तोही संपेल.

जॉन रॉल्स यांची न्यायाची कल्पना कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धांतून अनेकांना माहीत असेल. आपण कोण म्हणून जन्मणार हे माहीत नसताना समाजाचे नियम ठरवा, म्हणजे ते न्याय्य होतील. १९७१ सालच्या पुस्तकातली ही कल्पना सुंदर आहे. पण मार्था नसबॉम यांनी २००६ साली तिच्यातली एक उणीव ठळकपणे दाखवली. रॉल्स यांच्या करारात बसलेली माणसं साधारण धडधाकट, एकमेकांच्या उपयोगी पडणारी अशी धरलेली आहेत. अपंगांचा प्रश्न नंतर बघू म्हणून बाजूला ठेवला आहे. नकाशा काढून झाल्यावर रॅम्प जोडावा, तसाच.

आपल्याकडे कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सगळ्यांना जाण्याजोग्या करणं बंधनकारक केलं. पण त्याखालच्या नियमांतले निकष प्रत्यक्षात शिफारशीसारखेच राहिले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की किमान निकष तरी सक्तीचे हवेत. रतुरी स्वतः दृष्टिहीन, आणि याचिका २००५ सालची. 'बघू, जमलं तर करू' हे वाक्य सरकारपासून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत सारखंच आहे. मात्र तो कायदा आमच्या परड्यात येत नाही. तिथे सक्ती नाही, तपासणी नाही. तिथे प्रश्न फक्त आमचा आहे.

मग सगळ्यांसाठी सगळं बांधायचं का? नाही, ते शक्य नाही. वरच्या माळ्यावर आम्ही लिफ्ट बसवणार नाही आहोत. पैसे आणि जागा संपतात, ते खोटं नाही. पण नवीन बांधताना मी आता एवढं पाळणार आहे: जे कुणीच वापरत नाही असं दिसतं, तिथे आधी बघायचं की वापरता येतं का. आणि पैसे पुरत नसतील तर 'पुरत नाहीत' असंच म्हणायचं. 'त्यांना नकोच आहे' असं म्हणायचं नाही. पहिल्या वाक्यात आपण देणं लागतो हे कबूल केलेलं असतं. दुसऱ्यात देणंच पुसून टाकलेलं असतं.

आता बाबांच्या आकड्याकडे. आत्या आठ महिन्यांत चार वेळा परड्यात उतरली. एकदा कढीपत्त्याखाली बसली, एकदा पाऊस येतोय का बघायला गेली, दोनदा कशाला गेली मी विचारलं नाही. शेडमध्ये ती फारशी जात नाही. म्हणते, ग्राइंडरचा आवाज सहन होत नाही. म्हणजे तिचं पहिलं 'नको' बहुतेक खरंच होतं.

तरीही रॅम्प वाया गेला असं मला वाटत नाही, आणि ती पुढे जास्त वेळा जाईल म्हणूनही नाही. सहा वर्षं ती परड्यात गेली नाही, ते आम्ही ठरवलं होतं, न ठरवता. गेल्या आठ महिन्यांत ती साधारण दोनशे चाळीस दिवसांपैकी चार दिवस सोडून गेली नाही, ते तिने ठरवलं. बाबांच्या हिशोबात हे सगळे दिवस रिकामे आहेत. माझ्या हिशोबात रॅम्प त्या दिवशीही वापरात होता.

हे सगळं लिहिल्यावर एक कबुली द्यायला हवी. आमच्या पुढच्या दाराचा उतार अजून एकास तीनच आहे. तो बाबांच्या स्प्लेंडरसाठी बांधला होता, तेव्हा त्यासाठी कुणी चर्चा केल्याचं मला आठवत नाही. आत्याला रस्त्यावर जायचं असेल, तर आजही मागे दोन माणसं लागतात. गेल्या रविवारी तिने आणि मी तिथे टेप धरला. दारापासून फाटकापर्यंत साडेनऊ फूट भरतात. भिंतीकडेने वळण घेतलं, तर मधल्या सपाट जागेसकट अठरा फूट बसतात. पण मग स्प्लेंडर बाहेर रस्त्यावर लावावी लागेल. बाबा म्हणाले, बघू.